बोर्डाला कान लावणारे मामा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमच्या नात्यागोत्यातलं असं एकही घर नसेल, ज्याच्या विजेच्या बोर्डाला माझ्या बायकोच्या मामांनी कान लावलेला नाही. सोयरिकीला गेले, बारशाला गेले, दहाव्याला गेले, तरी चपला काढल्या की मामांची पावलं आधी बोर्डाकडे वळतात. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून जागच्या जागी थांबते, टीव्ही बंद होतो, म्हाताऱ्या माणसांना खोकला आवरायला सांगितलं जातं, आणि धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं अशा वेशातला सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ भिंतीला गाल टेकवून डोळे मिटतो. दोन मिनिटांनी मामा डोळे उघडतात, टोपी सारखी करतात आणि निकाल देतात. निकाल तीनच प्रकारचे असतात. "ठीक हाय, चहा टाका" हा पहिला. "वायरमनला बोलवा, पन घाई न्हाय" हा दुसरा. तिसरा म्हणजे "मेन पाडा." मेन पाडा म्हटलं की मुख्य खटका खाली यायलाच हवा, मग घरात कुणाला हळद लागत असो नाहीतर टीव्हीवर सामन्याचं शेवटचं षटक चालू असो. तो खाली येईपर्यंत मामा त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

विजेचं शिक्षण म्हणाल तर मामांनी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कोऱ्हाळे बुद्रुकला त्यांचा ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवत. एक पेटी मांडीजवळ आणि एक भिंतीवर, दोन्हींकडे सारख्याच गांभीर्यानं बघणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. कानाला ही सवय लागली ती विहिरीवरच्या मोटारीमुळे. तिन्ही फेज नीट असले की मोटार एका सुरात चालते, एक फेज गेला की घुरायला लागते आणि थोड्या वेळात जळून जाते. मामांची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळली. दोन्ही वेळा ती घुरताना त्यांनी ऐकली होती, आणि दोन्ही वेळा ते बांधावर उभे राहून एका पाहुण्याशी राजकारण बोलत होते. त्या उन्हाळ्यापासून त्यांनी राजकारण सोडलं आणि आवाज धरला. बारामती तालुक्यात राहून राजकारण सोडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिथं दोन दिवस राहिलेल्या माणसालाही कळेल. मामांना त्या काळात गावात कुणी बोलायलाच उरलं नव्हतं, असं मामी सांगतात.

विजेबद्दल मामांचं मूलभूत मत चांगलं नाही, आणि त्याला संगीताचा आधार आहे. "जावईबापू," ते मला एकदा म्हणाले, "लाईट पांढरी पाचच्या वर अन् काळी चारच्या खाली गाती. दोन्हीच्या मदी. म्हंजी जन्मापासनंच बेसूर हाय. बेसूर मानसावर आन् बेसूर लाईटीवर इस्वास टाकायचा न्हाय." मी इंदापूरच्या कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे मला हे वाक्य म्हणून आवडलं. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना ते चहाच्या वेळी गंमत म्हणून सांगितलं, तर त्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली आणि ती पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे. हे त्यांना कुणी सांगितलं?" मी म्हणालो, पेटीनं.

आवाजांची मामांनी प्रतवारी लावली होती. सलग घुं असेल तर बोर्ड काम करतोय, त्याला करू द्यावं. घुं मोठं होत गेलं तर भार वाढलाय, घरातल्यांनी आपल्या हौशी कमी कराव्यात. टिक् टिक् असेल तर आत काहीतरी तापून निवतंय किंवा एखादा रिले, म्हणजे आपोआप चालूबंद होणारा आतला खटका, वरखाली होतोय. खसखस असेल तर मुंग्या. आणि चर्र असेल, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं, तर मात्र कुणाशी चर्चा करत बसायचं नाही. काटेवाडीला मामांच्या दुसऱ्या एका भाचीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. मुलाचे वडील सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "आमची कसलीही अपेक्षा नाही." बोर्डातून आवाज आला, चुक. "मुलाला सुपारीचंही व्यसन नाही." चुक, चुक. "पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे." पुन्हा चुक. पाल चुकचुकली की बोलणं खरं ठरतं असं मानणारे आणि त्याच्या बरोबर उलट मानणारे, असे दोन्ही पक्षांचे लोक त्या बैठकीत होते, त्यामुळे वातावरण तंग झालं. मुलाचे वडील प्रत्येक वाक्यानंतर बोर्डाकडे बघू लागले. शेवटी मामा उठले, कान लावला आणि म्हणाले, "पाल न्हाय. इन्व्हर्टरचा रिले हाय. व्होल्टेज खालीवर हुतंय. तुमच्या बोलन्याशी त्याचा कायबी संबंध न्हाय." पाहुण्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "चौकशी आमी निराळी करूच." ते लग्न जमलं नाही.

सरकारदरबारी मात्र मामांच्या कानाला मान्यता मिळाली नाही. कन्हेरीच्या एका पुतण्याच्या मीटरमधून टिक् टिक् येत होतं, म्हणून मामा त्याला घेऊन वीज ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी तक्रारीचा प्रकार विचारला. लाईट नाही, तार तुटली आणि बिल जास्त, असे तीनच प्रकार त्यांच्या संगणकात होते. "आवाज येतोय," मामा म्हणाले. साहेब म्हणाले, "आवाज आमच्याकडे नाही." बराच विचार करून त्यांनी ती तक्रार 'बिल जास्त' या प्रकारात घातली. महिन्यानं पुतण्याच्या मोबाईलवर उत्तर आलं की आपले बिल तपासले असून ते योग्य आहे. मामांनी ते उत्तर दोनदा वाचून घेतलं. "मंग टिक् टिक् बी योग्यच असंल," ते म्हणाले.

हे सगळं मी इतकी वर्षं लांबून, मजा म्हणून बघत आलो होतो. मग आम्ही इंदापुरात घर बांधलं.

घराच्या दिवाणखान्यात, प्रवेशदाराजवळच्या कोपऱ्यात, बारा खटक्यांचा नवा कोरा बोर्ड होता. त्याचं पांढरं झाकण इतकं सुबक होतं की आलेल्या माणसाला मी देवघराच्या आधी तो दाखवत असे. वास्तुशांतीच्या दिवशी वैशाखातलं ऊन होतं, दारात मांडव होता, कॉलेजचे प्राचार्य सपत्नीक आले होते, आणि दहाच्या सुमाराला मामा-मामी बारामतीहून एसटीनं येऊन पोहोचले. मामांनी चपला काढल्या. गुरुजींचा संकल्प चालू होता. मामांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला आणि म्हणाले, "गुरुजी, जरा दम धरा." गुरुजी मध्येच थांबले. सगळे पाहुणे मामांकडे बघू लागले. मामांनी बोर्डाला कान लावला, झाकणावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. त्या दिवशी दोन मिनिटांत भागलं नाही. पाच मिनिटं झाली असतील. प्राचार्यांच्या पत्नीनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, "काही विधी आहे का?"

मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मेन पाडा."

मी काही बोलायच्या आत बायकोनं खटका खाली केला होता. मामांच्या बाबतीत ती लहानपणापासून तयार आहे. पंखे थांबले, मांडवातले मोठे पंखे थांबले, आचाऱ्याचा मिक्सर थांबला. मग तज्ज्ञांची रीघ लागली. ज्यानं बोर्ड बसवला तो इलेक्ट्रिशियन जेवायलाच आला होता. तो म्हणाला, "सर, नवा बोर्ड आहे. नवे बूट करकरतात तसं असतं थोडं. आठवड्यात बसेल." पुण्यात इंजिनिअर असलेल्या माझ्या चुलतभावानं एक इंग्रजी शब्द सांगितला, तो कुणालाच कळला नाही म्हणून सगळ्यांना पटला. गुरुजींनी दिशा पाहिली आणि समाधानानं म्हणाले, "आग्नेय कोपरा. अग्नी आपल्या जागी आहे, चिंता नको." त्यानंतर प्राचार्यांसकट अकरा माणसांनी आळीपाळीनं बोर्डाला कान लावून पाहिला आणि काहीही आवाज येत नसल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. मेन पाडलेला असताना बोर्डातून आवाज येणार कुठून, हे त्या सुशिक्षित अकरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बारावा मी होतो. माझ्याही आलं नाही.

खटका पुन्हा वर झाला. मामा बोर्डासमोरून हलेनात. "खोला म्हनतोय मी. झाकन काडून बगा," ते इलेक्ट्रिशियनला म्हणाले. लोक घामाघूम झाले होते, काहीजण तोंडावर रुमाल धरून हसत होते, आणि प्राचार्य घड्याळ बघत होते. मला लाज वाटली. कशाची वाटली ते आज सांगता येत नाही, पण वाटली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, मामी तुम्हाला तीनदा हाक मारतात तेव्हा ऐकू येत नाही, आणि बोर्डाचं तेवढं बरोबर ऐकू येतं. पुरे आता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "बरं," एवढंच म्हणाले, आणि कोपऱ्यातली पिशवी उचलली. मामींच्या हातात आहेराची साडी होती, ती त्यांनी माझ्या बायकोच्या खांद्यावर ठेवली आणि त्याही निघाल्या. मामा वास्तुशांतीला येऊन न जेवता गेले. ज्यांच्याकडे असं कधी घडलं असेल, त्यांना पुढचे दोन दिवस माझ्या घरात काय झालं ते सांगायला नको, आणि ज्यांच्याकडे घडलं नसेल त्यांना सांगून कळणार नाही.

आठवडाभरानं घर शांत झालं आणि मग बोर्ड बोलू लागला. सकाळी गिझर लावला की आतून अगदी बारीक चर्र यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. बायकोनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, फ्रीज असेल. फ्रीज स्वयंपाकघरात आहे. तिनं मोबाईलवर तो आवाज टिपला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात पंधरा उत्तरं आली. कुणी म्हणालं अर्थिंग नसेल, कुणी मोबाईलच्या टॉवरवर घसरलं, कुणी बोर्डात मीठ ठेवायला सांगितलं, एका आत्यांनी हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. मामांचं उत्तर आलं नाही. त्यांनी ते ऐकलंय, एवढं मोबाईलवर दिसत होतं. "रुसलेत," मी म्हणालो.

मग एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. बायकोला न सांगताच मी गिझर लावला होता आणि ती माझ्याच शर्टांना इस्त्री करत होती. एकदम पापड तळल्यासारखा आवाज झाला आणि मागोमाग मासळी करपल्यासारखा वास आला. आमच्या घरात मासळी शिजत नाही. मी वास कुठून येतोय ते बघायला खिडकीकडे गेलो. बायकोनं इस्त्री टाकली, कोपऱ्यात गेली आणि मेन खाली केला. झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. नवा पांढरा रंग त्या जागी पिवळा पडला होता.

इलेक्ट्रिशियननं झाकण उघडलं तेव्हा आत एका तारेचा स्क्रू सैल निघाला. तारेचं टोक काळं ठिक्कर झालं होतं आणि भोवतालचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं. "लूज राहिलं होतं," तो म्हणाला. मी विचारलं, बारा खटके आहेत, एकही का पडला नाही? तो म्हणाला, "सर, लोड वाढला तर खटका पडतो. स्क्रू सैल आहे हे खटक्याला कळत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशीच उघडायला पाहिजे होता."

दुसऱ्या रविवारी मी एकटाच कोऱ्हाळ्याला गेलो. मामा गोठ्याकडे गेले होते. मामींनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी काही म्हणायच्या आतच म्हणाल्या, "कळलं आमाला. पोरगी वाचली, घर वाचलं. तिला मीच सांगितलं हुतं फोनवर, गिझर लावला की इस्त्री लावू नगं, आन् वास आला की कुनाला इचारत बसू नगं, मेन पाड म्हनून."

बायको मला यातलं काही बोलली नव्हती. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं मामी?"

मामी गोठ्याकडे बघत बोलू लागल्या. "तिनं आवाज धाडला न्हवं का मोबाईलवर. ह्यांनी चार बाऱ्या कानाला लावला. मंग मला म्हनले, तू ऐक, काय हाय त्यात? मी म्हनलं, कायतरी तळल्यावानी वाजतंय. तसं म्हनले, लगी फोन लाव तिला." त्यांनी आवाज खाली आणला. "बारीक आवाज येत न्हाईत त्यांना आता. दोन वरीस झालं. बारामतीच्या डाक्टरनी सांगितलंय, परत यायचे न्हाईत म्हनून. मानूस बोलल्यालं समजतं, तोंडाकडं बगून. पन पाखरू, घुंगरू, कायबी न्हाय. मी मागनं हाक मारली तर खरंच कळत न्हाय त्यांना."

मी हातातला गूळ तसाच धरून बसलो. मामांनी यंदा भजनी मंडळाची पेटी दुसऱ्याकडे दिल्याचं मी ऐकलं होतं. गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

मामा आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कवा आला, जावईबापू?" मी उठून त्यांच्या पाया पडलो आणि त्यांच्या तोंडासमोर उभा राहून, सावकाश, चुकलो म्हणालो. ते जरा संकोचले. "बसा, बसा. मामीनं सांगितलेलं दिसतंय." मग ओट्यावर टेकून त्यांनी आपला उजवा तळहात माझ्यापुढे उघडा केला. उसात, नांगरात आणि पेटीवर झिजलेला हात होता तो. "तुमच्या बोर्डात मला तवा आवाज आला न्हवता. खोटं कशाला बोला. झाकन एका जागी गरम लागलं. कोरा बोर्ड, आन् बोटभर जागंला चटका. म्हनून म्हनलं खोला." मी विचारलं, मग तसं सांगितलं का नाही, मी लगेच उघडायला लावला असता. मामा हसले. "इतकी वरसं लोकांनी कान मानलाय माजा. हाताचं कोन मानतंय?"

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या घरातल्या बोर्डाजवळ नेलं. लाकडी फळीवरचा जुना बोर्ड, वर झेंडूची सुकलेली माळ. "तुमी ऐका," ते म्हणाले, "मामीचा कान बी आता वयाचा झालाय." मी गाल टेकवला. खरं सांगायचं तर मी आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट नीट ऐकत होतो. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. मी म्हणालो, सलग आहे, चढत नाही, तुटत नाही. "खात्री हाय?" आहे म्हणालो. "मंग झ्याक झालं."

तेव्हापासून मामा नात्यात कुठं निघाले की मला फोन येतो आणि मी इंदापूरहून तिथं जाऊन पोहोचतो. बोर्डाच्या एका बाजूला त्यांचा कान असतो, दुसऱ्या बाजूला माझा. ते डोळे किलकिले ठेवून माझ्याकडे बघतात. ठीक असेल तर मी मान हलवतो, चर्र असेल तर चष्म्याला हात लावतो, आणि मग मामा टोपी सारखी करून घरच्यांना निकाल देतात. कन्हेरीच्या पुतण्यानं मला तोंडावर विचारलं, की सर, तुम्हीही याच नादाला लागलात का. प्राचार्यांच्या कानावरही ते गेलं आहे. बढतीच्या मुलाखतीत मला या विषयावर एक प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर मी टाळलं.

परवा आम्ही दोघं काटेवाडीहून एसटीनं बारामतीला येत होतो. मामा खिडकीशी बसले होते. बाहेर उसाला पाणी चाललं होतं. ते तसेच बाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, आजून दोन-चार वरसं जमंल का आपल्याला असं?"

मी म्हणालो, "जमेल की."

त्यांनी काही हालचाल केली नाही. गाडी खडखडत होती, आणि मी त्यांच्या पाठीमागून बोललो होतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ते वळून माझ्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबलो, आणि पुन्हा एकदा सांगितलं.